बंद घरातला दिवा

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी वर बघतो. यजमान पाण्याचा तांब्या पुढं करत असतो, "या, बसा" म्हणत असतो, आणि माझी नजर छताच्या कोपऱ्यात. ओल आहे का, तडा गेलाय का, पंख्याच्या वरची वायर उघडी आहे का. आमची कुंदा मला कोपरानं ढोसते. मागं पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा मी गॅलरीत जाऊन सांडपाण्याचा पाइप बघत होतो. "मुलीच्या बापाला वाटलं, तुम्ही घरच विकत घ्यायला आलात," असं कुंदा परत येताना एसटीत म्हणाली. सोयरीक जमली, पण पाइप गळतोय हे मी सांगूनच उठलो.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पाय एका जागी ठरत नाहीत. दिवाळी अंकासाठी "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा" असा संपादकांचा निरोप आला. तेव्हापासून तीन वेळा लिहायला बसलो आणि तीन वेळा उठून गच्चीवर टाकी भरली का ते बघून आलो. गमती आहेत, त्या सांगतोही. पण एक प्रकरण असं आहे की ते मध्येच आडवं येतं आणि दुसरं काही लिहूच देत नाही. म्हणून ठरवलंय, थोड्या गमती आधी उरकून घ्यायच्या आणि मग ते सांगून टाकायचं.

मी विम्याचा सर्व्हेअर होतो. लोक आम्हाला एजंट समजतात. एजंट विमा विकतो. तो हसत येतो आणि मिठाई घेऊन येतो. सर्व्हेअर नुकसान झाल्यावर येतो, त्यामुळं त्याच्याकडं बघून कुणी हसत नाही. आग लागली, टाकी फुटली, सिलिंडर उडाला, की कंपनी आम्हाला पाठवते. आम्ही जागा बघायची, मोजायची, फोटो काढायचे, माणसांचे जबाब घ्यायचे आणि अहवाल द्यायचा. हे नुकसान पॉलिसीत बसतं का आणि बसत असेल तर किती. आम्ही कंपनीचे नोकर नव्हतो आणि गिऱ्हाइकाचे तर नव्हतोच. दोघांच्या मधल्या भिंतीवर बसलेला माणूस, असं म्हणा. भिंतीवर बसून कुणाला आराम मिळत नाही.

माझा एक नियम होता. दावेदाराच्या घरी चहा घ्यायचा नाही. "चहा घेतला की अहवालात साखर पडते," असं ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणायचे. शिरूरपासून दौंडपर्यंत, न्हावऱ्याच्या उसाच्या ट्रॉल्या चुकवत, मोटरसायकलवर वीसेक वर्षं फिरलो, पण कुणाच्या कपाला ओठ लावला नाही. याचा मला मोठा अभिमान होता. आता वाटतं, चहा प्यायला असता तर फार काही बिघडलं नसतं. बिघडलं ते दुसरीकडंच.

आमच्या भागात फ्लॅट आले तेव्हा सगळ्यांचीच पंचाईत झाली. तोवर घर म्हणजे जोत्यापासून पत्र्यापर्यंत एका कुटुंबाचं. भाऊ भांडले तर भिंत घालायची. फ्लॅटमध्ये भिंत आधीच घातलेली, पण ती कुणाची? जिना कुणाचा, गच्ची कुणाची, टाकी कुणाची? बाहेरच्या वाचकांसाठी सरळ सांगतो. इमारतीचा सांगाडा, जिना, गच्ची, टाकी हे सगळ्यांचं. त्याचा विमा सगळ्यांनी मिळून काढायचा. आपल्या दाराच्या आत जे आपण केलं आणि आणलं, फर्निचर, सजावट, टीव्ही, फ्रीज, त्याचा विमा ज्यानं त्यानं काढायचा. एवढं कळायला लोकांना दहा वर्षं लागली आणि काहींना अजून कळलेलं नाही.

दौंडला एका इमारतीची गच्चीवरची टाकी भर दुपारी फुटली. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसानं नुकतंच प्लास्टरचं नक्षीचं छत करून घेतलं होतं. ते सगळं त्याच्या पलंगावर. इमारतीचे चेअरमन रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. आवाज असा की फलाटावरून शेवटच्या डब्यापर्यंत जावा.

"बिल्डिंगचा विमा हाय म्हंजी बिल्डिंगीतल्या चमच्याचाबी विमा हाय!" त्यांनी जाहीर केलं.

तळमजल्यावरचा म्हणाला, "आमच्याकडं पाण्याचा थेंब आला न्हाई. आमच्या हप्त्यातनं त्याचं छत कशापायी?"

शेवटी मी स्टुलावर चढलो, फुटक्या छताच्या वर उघड्या पडलेल्या स्लॅबवर खडूनं रेघ मारली आणि सांगितलं, रेघेच्या वरचं सगळ्यांचं, खालचं या भाऊंचं. वर्षभरानं दुसऱ्या कामासाठी त्याच इमारतीत गेलो, तर त्यांनी ती खडूची रेघ ऑइल पेंटनं पक्की करून ठेवली होती. चेअरमन कौतुकानं म्हणाले, "सरकारी रेघ हाय, पुसायची न्हाई." मी सरकारी नव्हतो हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

दुसरी गंमत सणसवाडीची. एका फ्लॅटमध्ये शेगडीनं पडदा पेटला. मालक पुण्याला, आत भाडेकरू, सगळे बाहेरगावाहून कंपन्यांत कामाला आलेले. मी नेहमीचा प्रश्न विचारला, घर मध्ये कधी बंद होतं का? कारण घराच्या पॉलिसीत एक अट असते. घर सलग तीस दिवसांच्या वर वापराविना बंद राहिलं आणि कंपनीला आधी कळवलेलं नसेल, तर विमा लागू राहत नाही. बंद घरात धोका वाढतो, लक्ष द्यायला कुणी नसतं, हा त्यामागचा विचार. त्यातला एक जण हसत सुटला. "साहब, तीन शिफ्ट में बारह आदमी हैं. यहाँ बिस्तर ठंडा नहीं होता, घर कहाँ से बंद होगा?" मी अहवालात लिहिलं, "घर सतत वापरात." त्या अहवालावर कुणी शंका काढली नाही.

ही अट लक्षात ठेवा. टाकीचा बॉल कॉक पाणी अडवतोय का बघून येतो आणि मग पुढचं सांगतो.

आलो. मंदाबाई केंदूरच्या. मालक सुदामराव शेवंती आणि झेंडू करायचे. दोन मुली. थोरली रूपाली शिरूरला अकरावीला, सायन्सला. धाकटी सोनाली गावातच शाळेत. रूपाली रोज केंदूरहून एसटीनं यायची. पहिली गाडी चुकली की प्रॅक्टिकल चुकायचं. आणि ती गाडी वरचेवर चुकायची, म्हणजे यायचीच नाही. म्हणून मंदाबाईनं हट्ट धरून शिरूरला, स्टँडच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर फ्लॅट घ्यायला लावला. आई आणि मुली इथं राहतील, सुदामराव गावी फुलं बघतील. "पोरींच्या कॉलेजापायी कुणी फ्लॅट घेतं का," असं भावकीत बोललं गेलं. सुदामरावांनाही ते थोडंफार पटत होतं, पण बायकोपुढं गप्प बसले. विमा काढून घेतला होता. एजंट माणूस चांगला. घर आणि आतलं सामान दोन्ही घालून पॉलिसी केली होती.

घराचा ताबा ज्येष्ठात मिळाला. सुतारानं शोकेस, देव्हारा, पलंग केले, पॉलिश मारलं. नवा सोफा आला, प्लास्टिकच्या गुंडाळीत. आणि एवढ्यात आषाढी एकादशी आली. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास. वास्तुशांतीला मुहूर्त नाही. गुरुजी म्हणाले, आता तुळशीच्या लग्नानंतर. वास्तुशांत झाल्याशिवाय त्या घरात राहायला जायचं नाही, हे केंदूरच्या घरी ठरलेलं. आमच्याकडं अशी कितीतरी घरं दर वर्षी चार-चार महिने नवीकोरी बंद असतात. सगळं आत मांडलेलं आणि दाराला कुलूप. पॉलिसी छापणाऱ्याला चातुर्मास माहीत नाही आणि चातुर्मास पाळणाऱ्याला पॉलिसी माहीत नाही.

भाद्रपदात, गणपती उठल्यावर चार-पाच दिवसांनी, दिवेलागणीला त्या फ्लॅटला आग लागली. हॉल गेला. सोफा, शोकेस, देव्हारा, छत, खिडक्या. शेजाऱ्यांनी पाणी मारून विझवली म्हणून आतली खोली वाचली. कंपनीनं मला पाठवलं.

मी जाऊन बघितलं आणि पंधरा मिनिटांत मला सगळं कळलं. हे मोठेपणानं सांगत नाही. तेच माझं काम होतं. वायरिंग धड होतं, म्हणजे आग विजेची नव्हती. देव्हाऱ्याशेजारी फरशीवर सगळीकडं काजळी होती, पण एक बांगडीएवढा गोल स्वच्छ आणि तेलकट होता. तिथं समई होती आणि ती कुणीतरी नंतर उचलली होती. दाराचं कुलूप खिळ्याला अडकवलेलं, धड, कुठं ओरखडाही नाही. म्हणजे दार किल्लीनं उघडलं होतं. आणि समोरच्या फ्लॅटच्या दारात एक बाई उभी होती, उजवा हात पदराखाली घेऊन. पदर सरकला तेव्हा हातावरचं मलम दिसलं. ती विमल, समोरच्या फ्लॅटची मालकीण, अंगणवाडीत काम करणारी. थोडक्यात, विमल रोज संध्याकाळी त्या घरात दिवा लावत होती. नव्या घरात अंधार नको म्हणून आपल्याकडं लावतात तसा.

माझ्या दृष्टीनं ही चांगली बातमी होती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. रोज माणूस येतंय, झाडतंय, दिवा लावतंय, म्हणजे घर बंद नव्हतं. ऑफिसातल्या साहेबानं थोडी कुरकुर केली असती, पण मी तसं लिहून दिलं असतं आणि ते चाललं असतं. आणि दिव्यानं आग लागली म्हणून विमा अडत नाही. आग मुद्दाम लावली तर अडतो. माणसाच्या नजरचुकीनं लागली तर त्यासाठीच तर विमा असतो.

पण हे मला माहीत होतं. मंदाबाईला नव्हतं.

आमच्या कामाची पद्धत अशी होती, जबाब आधी आणि बोलणं नंतर. अटी आधी सांगितल्या तर माणूस अटी बघून उत्तरं देतो, म्हणून. ही पद्धत मला शिकवली होती आणि मी ती पुढं दोघांना शिकवली. मंदाबाई जळक्या हॉलमध्ये उभी होती, बाजूला रूपाली, कॉलेजची वही छातीशी धरून. मी पॅड काढलं.

"घरात कोण राहत होतं?"

"कुणीच न्हाई. वास्तुशांत व्हायची हाय अजून."

"मधून कुणी यायचं? झाडलोट, देवाला दिवा?"

मंदाबाईनं समोरच्या दाराकडं बघितलं. विमल तिथंच होती.

"न्हाई," मंदाबाई म्हणाली. "कुणीबी न्हाई. आषाढापासनं कुलूपच हाय."

"किल्ली?"

"एकच. माझ्यापाशी, केंदूरला."

"मग आग विझवायला दार कुणी उघडलं?"

"तोडलं लोकांनी."

कुलूप तिच्या खांद्यामागं लटकत होतं. मी त्याच्याकडं बघितलं, तिनंही बघितलं.

"ताई, नीट आठवून सांगा. रोज दिवा लावायला कुणी येत होतं का?"

"सांगितलं की, भाऊ. दिवाबिवा काय नव्हता. वायरनं लागली असंल."

रूपालीनं आईकडं चमकून बघितलं आणि मान खाली घातली. मी जबाब लिहिला, रूपालीच्या हातात दिला. तिनं मोठ्यानं, स्वच्छ वाचून दाखवला, कुठं न अडखळता. मंदाबाईनं सही केली. मी कागद बॅगेत टाकला. समोरच्या घरातून चहा आला होता, नको म्हणालो.

जिना उतरताना तेच डोक्यात होतं. ती सही करत असताना, कंपनीनं एक पैसा देऊ नये याची सगळी सोय ती स्वतःच्या हातानं करत होती आणि मी पेन पुढं केलं होतं. तिथंच सांगू शकलो असतो. ताई, थांबा, आधी ही अट ऐका. पण पद्धत होती ना. पद्धत पाळली की माणसाला मोकळं वाटतं असं म्हणतात. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुंदानं विचारलं, "ताप आहे का?"

दुसऱ्या दिवशी दौंडला जायचं होतं. न्हावऱ्यापर्यंत गेलो आणि गाडी वळवली. कशासाठी ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. माप पुन्हा घ्यायचंय असं मनाशी घोकत होतो.

विमल जिन्यातच भेटली. मी यायची वाटच बघत होती असं वाटलं. आत गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली समई घेऊन आली, काळी पडलेली.

"मंदाताई खोटं बोलली, भाऊ. माझ्यापायी. तुम्ही लिहा, मी सांगते." ती जिन्याच्या पायरीवर बसली. "आमच्यात वास्तुशांत न्हाई. आम्ही बुद्धवंदना घेतली आन् दुसऱ्या दिवशी भांडी लावली. पण ती म्हणाली, विमल, घर अंधारात नको. म्हणलं, त्यात काय, लावते की. वातीबी मीच करायची. त्या दिवशी पालिशचा लई वास मारत व्हता म्हणून खिडकी उघडली. सोफ्यावरचं प्लास्टिक उडून दिव्यावर आलं असंल. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी घरात गेले, तेवढ्यात."

"मग दिवा नव्हता असं तिनं का सांगितलं?"

विमलनं मलम लावलेला हात पदराखाली घेतला. "आग इझल्यावर लोक इथंच जिन्यात उभं व्हते. एक जण म्हणाला, कुणाच्याबी हातात किल्ली दिली, कुणाच्याबी हातनं देवाला दिवा लावला, मग दुसरं काय व्हणार. कुणाच्याबी म्हंजी कुणाच्या, ते समद्यांना कळलं. मंदाताई तवाच केंदूरवरनं आली व्हती, खालनं जिना चढत व्हती. तिनं ऐकलं. वर आली आन् सगळ्यांदेखत म्हणाली, दिवा नव्हताच. मग रातोरात समई माझ्याकडं ठेवली. आन् तिला वाटलं, दिव्यानं लागली म्हणलं तर आपलीच चूक, कंपनी कशाला दील?"

मी तिला अट सांगितली. तीस दिवसांची. दिवा लावला म्हणजे घर वापरात होतं, हे सांगितलं. नजरचुकीला विमा अडत नाही, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आन् कंपनी माझ्यामागं लागंल का?"

"कायद्यानं लागू शकते. पण अशा कामात लागलेली मी कधी पाहिली नाही."

"लागू द्या. लिहा."

मी तिचा जबाब लिहिला. तिनं केंदूरला निरोप धाडला आणि दुपारच्या एसटीनं मंदाबाई आली. आल्या आल्या ती विमलवरच उखडली. "तुला कुणी सांगितलं व्हतं बोलायला?" मग तिलाही अट कळली. जळक्या हॉलमध्ये जाऊन त्या तेलकट गोलाशेजारी उभी राहिली. परत आली तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"भाऊ, कालचा तो कागद अजून तुमच्याकडंच हाय ना? तेवढा फाडा. मी नवा लिहून देते, खराखरा."

कागद माझ्याच बॅगेत होता. कुणी पाहिला नव्हता, कुठं नोंद नव्हती. मी म्हणालो, "ताई, सही झालेला कागद मी फाडत नाही."

फाडला नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही. एक कागद फाडणारा सर्व्हेअर दुसराही फाडतो आणि दुसरा कुणासाठी फाडतो ते सांगता येत नाही. मी दोन्ही जबाब जोडले, खोटं का बोललं गेलं ते लिहिलं, कुलपाचा, समईचा आणि त्या गोलाचा फोटो लावला आणि नुकसान देण्यात यावं अशी शिफारस केली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब अहवाल तो. ऑफिसनं त्यातलं एक वाक्य उचललं: विमाधारकानं खोटी माहिती दिली. दावा नामंजूर.

वर अर्ज करा, म्हणून मी केंदूरला जाऊन सांगितलं, मसुदाही लिहून दिला. पण सुदामरावांनी हात झटकले. "नको आता. घर लाभलंच न्हाई," म्हणाले. लाभलं नाही म्हटलं की आमच्याकडं चर्चा संपते. मंदाबाईनं घर विकू दिलं नाही एवढंच, पण दुरुस्ती राहिली. फ्लॅटला पुन्हा कुलूप लागलं आणि रूपाली पुन्हा एसटीच्या रांगेत. बारावीला ती प्रॅक्टिकललाच मागं पडली आणि सायन्स सुटलं. तिला स्थळं यायला लागली. हे मला तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं, कारण मी त्या इमारतीवरून जायचं काही ना काही निमित्त काढत असे. खालून खिडकी बघायची. काचा लागल्या का? नाही. गाडीला किक मारायची.

वाईट मला एका गोष्टीचं वाटतं. मी आधी विचारलं आणि अट नंतर सांगितली. त्या प्रकरणानंतर मी पद्धत उलटी केली. कुणाच्याही घरी गेलो की पॉलिसी मागायचो, मोठ्यानं मराठीत सांगायचो आणि मगच जबाब. त्यानं काही लबाडांचं फावलं असेल. फावू दे. धंद्यातले लोक मला हसायचे, कीर्तनकार म्हणायचे.

दोनेक वर्षांनी मंदाबाईचा फोन आला. दोन हंगामांच्या फुलांवर तिनं घर दुरुस्त करून घेतलं होतं. रंग विमलच्या मालकानं सुट्टीच्या दिवशी दिला होता. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता. "भाऊ, आता तर दावा संपलाय. आता जेवायला याल ना?"

गेलो. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या वर बघितलं. छत साधं होतं, पांढरं, कुठं डाग नाही. देव्हाऱ्याशेजारी तीच समई, घासून लखलखीत केलेली. विमल जिन्यातून ताटं आणत होती आणि इमारतीतली बाराही घरं गच्चीवर पंगतीला येणार होती. आगीच्या रात्री जिन्यात 'कुणाच्याबी हातनं' म्हणालेला माणूसही होता, विमलकडं न बघता सतरंजी पसरत होता. रूपाली सासरहून आली होती. हातात हिरवा चुडा. लग्न होऊन सहा महिने झाले होते.

गच्चीवर पंगत बसायच्या आधी मंदाबाई नवी पॉलिसी घेऊन आली. "भाऊ, ही वाचून दाखवा. समद्यांना. परत कुणाचं असं नको व्हायला."

मी खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता. आयुष्यभर बॅगेत दोन चष्मे बाळगणारा मी, त्या दिवशी एकही नाही. पॉलिसी इंग्रजीत. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेव्हा रूपाली पुढं झाली आणि कागद माझ्या हातातून घेतला.

ती एक ओळ इंग्रजीत वाचायची, मनातल्या मनात, आणि मराठीत सांगायची. कुठं अडली नाही. मी वीस वर्षं हेच करत आलो होतो, पण इतकं सोपं मला कधी जमलं नव्हतं. भूकंप, पूर, टाकी फुटणं, एकेक सांगत ती त्या अटीपाशी आली आणि थांबली. मग सावकाश म्हणाली, "घर तीस दिवसांच्या वर बंद ठेवायचं असंल, तर आधी कंपनीला पत्र टाकायचं आन् त्यांची मान्यता घ्यायची. मग विमा चालू राहतो."

खाली कुकरची शिट्टी झाली. तिनं कागदावरून मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, खरंच विचारायला.

"एवढंच व्हतं, काका?"

"हो. एवढंच."

"ही पॉलिसी तर तवाबी घरातच व्हती. आईच्या ट्रंकेत." ती म्हणाली. "मला कुणी दिली असती तर मी वाचली असती."

तिच्या आईचा जबाब मी तिच्याच हातात वाचायला दिला होता आणि पॉलिसीची माझ्याकडची प्रत मात्र बॅगेत ठेवली होती.

रूपालीनं पॉलिसीची घडी घातली. मंदाबाई ती घ्यायला हात पुढं करत होती, पण तिनं ती आईला दिली नाही. सोनालीला हाक मारली आणि तिच्या हातात ठेवली.

"ट्रंकेत टाकू नको," ती म्हणाली. "वाच."

मग तिनं पदर खोचला आणि ती विमलबरोबर ताटं वाढायला गेली.